मी दाब मोजतो, रक्त मोजत नाही

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचा एक जुना, पाऱ्याचा डबा आहे आणि मी रागावलेलो आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्यानं हळवं बोलावं, अशी रीत आहे म्हणे. फाटकी छत्री, शाळेची घंटा, म्हातारा बैल, सगळे कसे डोळ्यांत पाणी आणून बोलतात. मला ते जमायचं नाही. ज्याच्याविषयी लोक आयुष्यभर भलतंसलतं बोलले, तो गोड कुठून बोलणार? तुम्ही लहान आहात, तुमच्यावर माझा राग नाही. पण तुमच्या घरातली मोठी माणसं जवळ बसली असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्र्याचा डबा, त्यात उभी काचेची नळी, नळीत पारा, एक कापडी पट्टा आणि रबरी फुगा, एवढाच माझा संसार. डॉक्टर गुंडप्पांनी अहमदपूरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत दवाखाना थाटला, तेव्हा टेबलावर पहिला मी बसलो. पट्टा दंडाला गुंडाळायचा, फुगा दाबायचा, पारा वर चढवायचा आणि मग हळूहळू हवा सोडत कानाला स्टेथोस्कोप लावून ऐकायचं. हृदय आवळून रक्त पुढं ढकलतं, तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. ते सैल पडतं, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. झालं माझं काम. यापलीकडं मी काही सांगत नाही आणि सांगितल्याचा दावाही कधी केला नाही.

सुरुवातीला माझा मान काय होता म्हणता. बाजारच्या दिवशी पायात काटा मोडलेला माणूससुद्धा आधी दंड पुढं करायचा. "साहेब, एकदा बीपी बघा." मी फुशारून जायचो. नंतर हळूहळू कळलं, की लोकांना मी काय करतो तेच ठाऊक नाही. त्यांना वाटायचं, हा डबा अंगातलं रक्त मोजतो. आकडा खाली आला की म्हणायचे, "रक्त कमी झालं." वर गेला की म्हणायचे, "उन्हाळा हाय, रक्त उकळून राहिलं." अहो, तुमचं अंग म्हणजे काय चहाचं पातेलं आहे? कपाळावर मारून घ्यायला मला हात नाही, नाहीतर रोज मारून घेतला असता.

पुढं बॅटरीवालं पांढरं यंत्र आलं. ते टेबलावर गेलं आणि मी डॉक्टरांच्या बॅगेत. नळी फुटून पारा सांडला तर तो विषारी असतो, म्हणून माझ्या जातीला आता सगळीकडून रजा देतात. ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गिऱ्हाईक मला सोडत नव्हतं. जवळच्याच एका गावचे शेतकरी, शेषेराव. "बॅटरीवालं नको, साहेब. पाऱ्याचंच लावा. डोळ्यानं दिसतंय," म्हणायचे. दिसायचं खरंच. पारा दर वेळी वरच असायचा. डॉक्टर रोजची गोळी लिहून द्यायचे आणि शेषेराव ती पुढच्या आठवड्यात बंद करायचे.

"डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. मग गोळी कशाला? तिची सवय लागती," असं त्यांचं म्हणणं. वाढलेला दाब बहुतेक वेळा दुखत नाही, मित्रांनो. तो गुपचूप हृदयाचं, मेंदूचं, मूत्रपिंडाचं नुकसान करत राहतो. दुखत नाही म्हणूनच तर मला जन्माला घातलं. नाहीतर माणसानं नुसतं डोकं चाचपून पाहिलं असतं, माझी गरजच काय होती? मी डोळ्यांपुढं आकडा दाखवायचो आणि हा माणूस मान डोलवून घरी जायचा. माझ्यावर विश्वास आहे म्हणायचं आणि माझं ऐकायचं नाही, हा कुठला विश्वास?

एकदा शेषेराव आणि त्यांची बायको अयोध्याबाई मुलीला घेऊन आले. पुनम तिचं नाव, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. चेहरा पिठासारखा पांढरा. जिना चढला की धाप लागते, छातीत धडधडतं, म्हणाली. मान खाली घालून पाळीत रक्त फार जातं, हेही तिनं सांगितलं. डॉक्टरांनी मला तिच्या दंडाला लावलं. दाब ठीक निघाला. मी जे होतं ते दाखवलं.

"दाब बरा आहे," डॉक्टर म्हणाले, "पण हिच्या डोळ्यांच्या आतली कड बघा, लाली म्हणून नाही. रक्त तपासून घ्या. आजच."

शेषेराव म्हणाले, "आधीच रक्त कमी म्हणता, आन् त्यातलं अजून काढता व्हय? डब्यानं सरळ दाखवलं की. बीपी बराबर, म्हंजी रक्त बराबर. एक सलाईन लावा, ताकद येती."

मित्रांनो, इथं माझी नळी फुटायचीच बाकी होती. नळाला पाणी जोरात येतं म्हणून ते पाणी चांगलंच असतं का? मी जोर सांगतो. त्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल पेशी पुरेशा आहेत की नाहीत, हे मला कळत नाही. ते चमचाभर रक्त तपासलं की कळतं, आणि तेवढ्यानं कुणाचं काही रिकामं होत नाही. अंग ते पुन्हा तयार करतं. आणि सलाईन म्हणजे मीठपाणी. जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, तर ते जीव वाचवतं. लाल पेशी त्यात एकही नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

डॉक्टरांनी सलाईन लावलं नाही. शेषेरावांनी पुनमला तपासणीला नेलं नाही. शेवटी लोहाच्या गोळ्या तेवढ्या घेऊन ते घरी गेले.

घरी शेषेरावांची थोरली बहीण आली होती, पंचफुलाबाई. त्यांना किल्लारीकडं दिलेलं. त्यांचा मुलगा सत्यम आणि पुनम यांची सोयरीक ठरली होती. पुनमला कुंकू लागलं होतं, लग्न उन्हाळ्याच्या शेवटी धरायचं होतं. मामाची मुलगी करायची, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. पंचफुलाबाई काही वाईट बाई नाहीत, हे मी आधीच सांगतो. पुनमवर त्यांचा जीव होता. म्हणून तर त्यांचा मला जास्त राग येतो.

गोळ्यांनी पुनमला शौचाला काळं व्हायला लागलं. लोहाच्या गोळ्यांनी ते होतंच, त्यात भिण्यासारखं काही नसतं. पुनमनं घाबरून सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाल्या, "रक्त जळून राहिलं पोरीचं. बंद कर त्या गोळ्या." मग त्यांनी बिटाचा रस सुरू केला. लाल प्यायलं की लाल होतं म्हणे. पी हळद अन् हो गोरी. बीट खावं, चांगलं असतं, पण एवढी पांढरी पडलेली मुलगी बिटावर उभी राहत नाही. पुढं एकदा त्यांनी तिच्या मनगटावरच्या निळ्या शिरा पाहिल्या आणि कुणीतरी काहीतरी खाऊ घातलं, रक्त निळं पडलं, असं घरभर केलं. अंगातलं रक्त निळं कधीच नसतं. हृदयाकडं परत येणारं रक्तसुद्धा लालच असतं, जरा गडद इतकंच. कातडीखालून शीर निळी दिसते. पुस्तकातल्या चित्रात निळा रंग देतात, तो नुसता ओळखू यावा म्हणून.

हे सगळं मला नंतर कळलं, जीपमध्ये. कारण एका दुपारी पुनम स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. डॉक्टरांना बोलावणं आलं, ते मला बॅगेत घालून धावले. मी दंडाला लागलो तेव्हा तिचा दाबही उतरला होता आणि हृदय कसं पळत होतं. "लातूरला न्या. बसू नका," डॉक्टर म्हणाले आणि स्वतः सोबत निघाले. मल्लेश नावाचा देगलूरकडचा एक जण स्टँडवर जीप चालवायचा, त्याची जीप घेतली. वाटेत चाकूर येईपर्यंत अयोध्याबाईंनी डॉक्टरांना रडत रडत गोळ्यांचं, बिटाचं, निळ्या रक्ताचं सगळं सांगितलं. शेषेराव पुढं बसले होते. ते मागं वळून बघत नव्हते.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात चमचाभर रक्त काढलं आणि लगेच कळलं. जिथं बारा हवं, तिथं हिमोग्लोबिन चारच होतं. होती ती पहिली पिशवी तिथल्या तिथं चढवायला घेतली. पण अजून लागणार होत्या. उन्हाळा, कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, रक्तपेढीत पिशव्या मोजक्याच. पेढीतल्या बाई म्हणाल्या, "तुमच्यातल्या कुणीही द्या, गट कुठलाही चालेल. तुमचं रक्त हिला थेट जात नाही, ते तपासून साठ्यात ठेवतात. त्याच्या बदली हिच्या गटाच्या तयार पिशव्या दुसऱ्या पेढीतून मागवता येतात. पण घाई करा."

शेषेरावांनी बाही वर केली. "माझं घ्या. लागंल तेवढं घ्या."

पेढीतल्या बॅटरीच्या यंत्रानं दाब फार दाखवला. शेषेराव म्हणाले, "ह्याची बॅटरी गेली आसंल. आमच्या डॉक्टरसाहेबाचं पाऱ्याचं लावा." म्हणून मला बॅगेतून बाहेर काढलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपण खोटं बोलावं. बापाचा हात होता तो.  पण पारा चढवून हवा सोडली आणि आवाज ऐकू आला तो थेट एकशे नव्वदला. एवढ्या दाबाच्या माणसाचं रक्त घेत नाहीत, त्याच्याच जिवाला धोका होतो.

"डोकं तर दुखत न्हाई माझं," शेषेराव हळू आवाजात म्हणाले. डॉक्टरांनी पट्टा सोडवला. शेषेराव तिथंच फरशीवर बसले. अयोध्याबाईंनी हात पुढं केला, तर त्यांचंही रक्त कमी निघालं. घरात सगळ्यांना वाढून उरलं तर खाणारी बाई ती, तिला कोण देणार बीट? नातेवाइकांना फोन झाले. कुणी म्हणे पेरणी तोंडावर आली, रक्त दिलं तर अंगात काय राहील? कुणी म्हणे मला लहानपणापासून सुईची भीती.

तेवढ्यात किल्लारीहून सत्यम मोटारसायकलवर आईला घेऊन आला. धट्टाकट्टा, पोलीस भरतीसाठी रोज पळणारा. मला वाटलं, सुटलो. त्यानं बाही वर केली सुद्धा. मी पट्टा गुंडाळून तयार होतो.

पंचफुलाबाईंनी त्याचा हात धरला. "न्हाई. ह्याचं रक्त घ्यायचं न्हाई."

"कामून, अक्का?" शेषेराव उठले.

"आरं, कुंकू लागलंय तिला ह्याच्या नावचं. ह्याचं रक्त तिच्या अंगात गेलं, तर ते रक्ताचं नातं झालं. भाऊ-बहीण झाले ते. मग लगीन कसं लावू?"

डॉक्टर गुंडप्पा शांत माणूस, पण त्यांचाही आवाज चढला. "बाई, शेषेराव तुमचा सख्खा भाऊ ना? ही त्याची पोरगी. तुमचं हिचं रक्त आधीच एका घरचं आहे. तेव्हा लग्न चालतं, आणि पिशवीभर रक्तानं मोडतं?"

"ते येगळं हाय. मामाची पोरगी हक्काची असती. रिवाज हाय त्यो."

"आणि ह्याचं रक्त हिला जाणारच नाही, आत्ताच सांगितलं ना ताईंनी?"

"एकाच कपाटात ठिवतेत ना समद्या पिशव्या? कुणाची कुठं गेली, कोण बघून राहिलं?" पंचफुलाबाई आता रडायला लागल्या होत्या. "साहेब, माझं बी लेकरूच हाय ती. मला तीच सून करायची हाय, म्हणून म्हणून राहिले. दुसऱ्या कुणाचं बी घ्या."

बघा मित्रांनो, अक्कल कशी चालते ती. जवळच्या नात्यात लग्न केलं तर मुलांना काही आजार व्हायचा धोका वाढतो, हे डॉक्टर ओरडून सांगतात. त्याची भीती कुणालाच नाही. आणि दिलेल्या रक्तातून ना नातं जातं, ना जात जाते, ना स्वभाव जातो. त्या पेशी आपलं काम करतात, काही आठवड्यांत संपतात आणि अंग स्वतःच्या नव्या पेशी करतं. तेवढ्यात कुणी कुणाचा भाऊ कसा होईल? पण मी डबा. मी फक्त पारा वर करू शकतो. आणि ज्याला तोंड होतं तो सत्यम आईकडं बघत होता. "आई, आगं..." एवढंच तो म्हणाला. मग त्यानं बाही खाली केली आणि बाकड्यावर जाऊन बसला.

आत पहिली पिशवी संपत आली होती. अयोध्याबाई दारातून बघत होत्या.

मल्लेश दाराशी उभा होता. त्याला परतीचे पॅसेंजर घ्यायचे होते. तो डॉक्टरांजवळ आला. "साहेब, एकदा रक्त दिलं की गडी कामातून जातो म्हणतेत आमच्याकडं. उद्या जीप चालवता येईल ना मला?"

"येईल. आज भरपूर पाणी प्या, जरा बसा, उद्या बिनघोर चालवा."

"लई काढतेत का?"

"तुमच्या अंगात पाच लिटरच्या आसपास आहे. त्यातलं अर्धा लिटरसुद्धा नाही घेत."

मल्लेशला ते कितपत पटलं, कोण जाणे. मी त्याच्या दंडाला होतो, मला त्याची नाडी लागत होती. भीतीनं धडधडत होता बिचारा. दाब चांगला निघाला. त्यानं डोळे गच्च मिटले, तोंड भिंतीकडं केलं आणि रक्त दिलं. मग चहा-बिस्कीट खाऊन त्यानं स्टँडवरच्या दोघा जीपवाल्यांना फोन लावले. "या रे, काही होत न्हाई. मी दिलो, जिता हाव." ते दोघे आले. संध्याकाळच्या आत दुसऱ्या पेढीतून पुनमच्या गटाच्या पिशव्या आल्या. कुणाच्या होत्या, ते कुणालाच माहीत नाही.

पुनम वाचली. पाळीचा त्रास होता, त्यावर उपचार झाले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि यावेळी त्या कुणी बंद केल्या नाहीत. शेषेरावही आपली गोळी घेऊ लागले, अयोध्याबाईंनी समोर उभं राहून गिळायला लावली म्हणून का होईना. काही आठवड्यांनी डॉक्टर तिला बघायला घरी गेले, तेव्हा मी पुन्हा तिच्या दंडाला होतो. हाताला ऊब होती, ओठांवर रंग होता. मी माझा आकडा दाखवला, पण तिनं आकड्याकडं बघितलं नाही. रक्ताची तपासणी ती स्वतःच करून आली होती, तिचा कागद तिनं डॉक्टरांना दिला.

त्याच वेळी पंचफुलाबाई लुगडं-चोळी घेऊन आल्या. मागं सत्यम. पुनमच्या तोंडावरून हात फिरवून, कडाकडा बोटं मोडून त्या म्हणाल्या, "शेषा, आता तारीख धर. देवानं पोरगी राखली आन् सोयरीक बी राखली."

माझ्या पट्ट्याखाली पुनमचा दंड ताठ झाला. ती सावकाश बोलली.

"आत्या, सत्यमनं रक्त दिलं आसतं, तर त्यो माझा भाऊ झाला आसता, आसं तुम्ही म्हणालात, आईनं सांगितलं मला. त्यानं दिलं न्हाई. म्हंजी भाऊ न्हाई झाला. पण मी आत मरून राहिले होते आन् त्यो बाहीर बाकड्यावर बसून राहिला होता. त्याला मी नवरा कसं म्हणू?"

सत्यम दाराकडं सरकला. शेषेराव बहिणीकडं बघत होते. मला वाटलं, हे आता रिवाज काढतील, बहिणीची बाजू धरतील. ते म्हणाले, "अक्का, पोरगी म्हणती तसं व्हईल."

पंचफुलाबाईंच्या हातातलं लुगडं खाली आलं. "पोरी, मी तुझ्या वाइटासाठी केलं का? तुलाच सून करायची, म्हणून तर नको म्हणाले ना मी."

"मी राहिलेच नसते," पुनम म्हणाली, "तर सून कुणाला केलं आसतं, आत्या?"

पंचफुलाबाईंनी लुगडं-चोळी पुन्हा पदराखाली घेतली. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. पण राग गेला नाही.

मित्रांनो, माझे दिवस भरत आले. थोड्याच दिवसांत मला नीट बंद करून पारा गोळा करणाऱ्यांकडं देतील. जाण्याआधी हात जोडून विनंती करावी अशी पद्धत आहे. मला हात नाहीत, म्हणून सरळच सांगतो. घरात कुणी बीपीची गोळी आपल्या मनानं बंद केली असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना विचारा. आई धापा टाकत असेल, तर तिचं रक्त तपासायला लावा, नुसता दंड पुढं करून घरी येऊ देऊ नका. आणि तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा रक्तपेढीच्या दारात कुणी धट्टाकट्टा माणूस नाती जुळवत बसलेला दिसला, तर 'माणूसच राहिलं नाही, तर नातं कुणाशी?' हा पुनमचा प्रश्न त्याला विचारा. उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका.